वहीवरची तीन अक्षरे

मंडळी, आजचा धडा एका वहीपासून सुरू होतो.

आमच्या नेर तालुक्यातली गोष्ट. रात्रीच्या वर्गाला एक बाई येत असत. दिवसा लोकांच्या वावरात निंदण, नाहीतर कापूस वेचणी. रात्री जेवणे आटोपली की पाटी घेऊन वर्गात हजर. काना, मात्रा, वेलांटी झाली होती. जोडाक्षरे यायची होती. जे दिसेल ते वाचायचे, असा त्यांनी सपाटाच लावला होता. एस. टी. ची पाटी वाचायच्या, खताच्या पोत्यावरचे नाव वाचायच्या. नवीन वाचायला शिकलेल्या माणसाला असेच होते. तुम्हालाही झाले असेल.

त्यांची मुलगी हायस्कुलात नववीत. एका रात्री बाई मुलीची वही घेऊनच आमच्याकडे आल्या. वहीच्या पुठ्ठ्यावर कोणीतरी निळ्या पेनने मोठी तीन अक्षरे काढली होती. बाईंनी त्यावर बोट ठेवले.

"गुरुजी, हे पाहा बरं. न, व, आन् र ले काना. नवरा. मी बराबर वाचलं काय?"

आम्ही म्हटले, "बरोबर वाचलंत."

"मंग पोरगी काऊन रडते? मी वाचून दाखवलं तं वही हिसकून घेतली आन् रडत बसली. मी म्हटलं, कोनं गंमत केली असन तुह्या लग्नाची. तं ती जेवलीच नाही."

आम्ही वही पाहिली. आतल्या पानांवरही तोच शब्द होता. एका पानावर मुलीचे नाव, पुढे अधिकचे चिन्ह, आणि पुढे दुसऱ्या मुलीचे नाव. आमच्या ध्यानात आले. चाळीस वर्षे शाळेत काढली आहेत. पोरे कोणाला काय चिडवतात ते आम्हाला न सांगता कळते. ही मुलगी दुसऱ्या एका मुलीसोबत सदा असे. म्हणून वर्गाने हिला 'नवरा' ठरवले होते आणि तिला 'बायको'.

बाईंना हे समजावून सांगणे आले. खरे सांगतो, आमची जीभ जड झाली. कारण तीस वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एक काम केले होते. ते आधी सांगतो.

तेव्हा आम्ही एका गावच्या शाळेत हेडमास्तर होतो. सातवीच्या वर्गात दोन मुली होत्या. एका बाकावर बसत. डबा एकत्र खात. एक दिवस एका मुलाने त्यांची चिठ्ठी पकडून आमच्या टेबलावर आणून टाकली. चिठ्ठीत विशेष काही नव्हते. तू आली नाहीस की शाळेत मन लागत नाही, मोठेपणी आपण दोघी एकाच घरात राहू, असे लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका फार होत्या. पण चिठ्ठी वर्गात वाचली गेली होती आणि पोरे खिदळत होती. आम्हाला वाटले, शाळेची अब्रू जाते. आम्ही दोघींना उभे केले. दोघींच्या हातावर पट्टी मारली. मग कागद दिला आणि लिहून घेतले, "आम्ही चूक केली. पुन्हा करणार नाही." खाली सह्या घेतल्या. दोघींच्या बापांना बोलावून तो कागद वाचून दाखवला.

एकीच्या बापाने त्याच आठवड्यात शाळेचा दाखला काढला. मुलगी हुशार होती. स्कॉलरशिपला बसवावी असे आमच्या मनात होते. सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावले. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये, हा कायदा तेव्हाही होताच. आम्हाला तो पाठ होता. आम्ही त्या लग्नाला जेवून आलो.

पुष्कळ वर्षांनी ती आम्हाला एस. टी. स्टँडवर भेटली. आम्ही ओळखले नाही, तिने ओळखले. पाया पडली नाही. तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही पडलो नसतो. लग्न टिकले नव्हते. आता ती शहरात शिवणकाम करते. गाडी यायला वेळ होता. ती म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं लिहून दिलं होतं."

"काय खोटं?"

"चूक केली, असं लिहिलं ते."

गाडी आली आणि ती गेली. आम्ही मात्र त्या वाक्यावर अजून बसलेलो आहोत.

आता एक शब्द शिकू. समलिंगी. सावकाश वाचा. सम म्हणजे सारखे. ज्या पुरुषाचे मन पुरुषावर जडते, ज्या बाईचे मन बाईवर जडते, त्यांना समलिंगी म्हणतात. अशा बाईला इंग्रजीत लेस्बियन म्हणतात. ग्रीस देशात लेस्बोस नावाचे बेट आहे. तिथे सुमारे २६०० वर्षांपूर्वी सॅफो नावाची कवयित्री होऊन गेली. तिने बायांवरच्या प्रेमाच्या कविता केल्या. त्या बेटावरून हा शब्द आला. म्हणजे ही माणसे काही काल-परवा मोबाईलमधून निघालेली नाहीत.

पुष्कळ लोक म्हणतात, हे संगतीने होते. तसे नाही. आम्ही लहान असताना डावऱ्या हाताने लिहिणाऱ्या पोराला मास्तर पट्टी मारत. पोरगा उजव्या हाताने लिहू लागे, पण दगड फेकायची वेळ आली की डावाच हात वर जाई. मार खाऊन तो उजवा झाला नाही, फक्त भ्यायला शिकला. याचेही तसेच आहे.

हा रोगही नाही. जगातल्या सगळ्या रोगांची एक यादी असते. ती जागतिक आरोग्य संघटना तयार करते. त्या यादीतून ही गोष्ट १७ मे १९९० रोजी काढून टाकली. आपल्या देशातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नाही असे सांगितले. कोणी डॉक्टर 'मुलगी बरी करून देतो' म्हणून इलाज करू लागला, तर ते डॉक्टरकीच्या नियमांविरुद्ध आहे, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ साली ठरवले. मग अंगारा, धूप, भगताचे फटके यांची गोष्ट तर बोलायलाच नको. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण केली तर आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने शिक्षा आहे.

आणि गुन्हा? गुन्हा होता. १८६० साली इंग्रज सरकारने दंडाचे मोठे पुस्तक केले. त्यात ३७७ नंबरचे कलम घातले. त्या कलमाचा धाक समलिंगी लोकांना दीडशे वर्षे होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. पाच न्यायाधीश होते आणि पाचांचे एकमत होते. दोन जाणती माणसे आपल्या राजीखुशीने एकमेकांवर प्रेम करत असतील तर तो गुन्हा नाही, असे कोर्टाने सांगितले. या लोकांना इतकी वर्षे न्याय मिळाला नाही, त्याबद्दल इतिहासानेच त्यांची माफी मागायला हवी, असे एका न्यायाधीश बाईंनी निकालात लिहिले. १ जुलै २०२४ पासून दंडाचे नवे पुस्तक लागू झाले. त्यात हे कलम नाही. लग्नाचे मात्र अजून झालेले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की अशा लग्नाचा कायदा करायचा की नाही ते संसदेने पाहावे. म्हणजे सोबत राहता येते, पण कायद्याच्या कागदावर नवराबायको होता येत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी करून सांगितली पाहिजे, कारण लोक दोन्हींची खिचडी करतात. मोठ्या माणसाने लहान लेकराच्या अंगाशी वाईट चाळा करणे हा गुन्हाच आहे. मग तो बाप्या असो की बाई. त्यासाठी २०१२ चा पोक्सो नावाचा कडक कायदा आहे. बरोबरीच्या दोन पोरींनी एकमेकींना चिठ्ठ्या लिहिल्या, ती गोष्ट निराळी.

आता शाळेकडे वळू. शाळा ही जागा फार गमतीची आहे. घरी मारले तर पोर शाळेत पळते. शाळेत छळले तर कुठे पळावे? मुंबईत लेबिया नावाचा बायांचा एक गट आहे. १९९५ साली स्त्री संगम या नावाने तो सुरू झाला. या गटाने देशातल्या पन्नास जणांच्या जीवनकहाण्या ऐकून घेतल्या आणि २०१३ साली त्यावर अहवाल काढला. मुलगी म्हणून जन्मलेली, पण जगाच्या ठरलेल्या चालीत न बसणारी अशी ही माणसे. त्यांत शाळेच्या आठवणीही आहेत. आम्ही हेडमास्तर होतो, म्हणून आम्हाला त्या जास्त लागतात. पोर वाया गेले की आम्ही मास्तर लोक घराला दोष देतो. आमच्या बाकांवर काय झाले ते आम्ही विचारत नाही.

२०१८ च्या मार्च महिन्यात कोलकात्यात एका मुलींच्या शाळेत असेच झाले. दहा मुलींना बोलावले. तुम्ही मुली-मुलींत भलते वागता, असा ठपका ठेवला आणि तसे त्यांच्याकडून लिहून घेतले. आईबाप शाळेत धावले. आमच्या पोरींकडून जबरीने लिहून घेतले, असे ते म्हणाले. मुलींनी आपल्या खुशीने कबूल केले, असे शाळा म्हणाली. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा आम्ही पेपर घडी करून ठेवून दिला. आमच्या टेबलावरचा तो कागद आम्हाला दिसू लागला. मंडळी, लिहिणे ही मोठी विद्या आहे. म्हणून तर तुम्ही या वयात दिवसभर राबून रात्री शिकता. पण त्याच विद्येने माणसाच्या हातून स्वतःविरुद्ध खोटे लिहूनही घेता येते. तुमच्या लेकराकडून कोणी काही लिहून घेतले असेल, तर तो कागद आधी मागून घ्या आणि स्वतः वाचा.

आता तमिळनाडूची हकीकत ऐका. ही आम्हाला फार आवडते. मदुराई गावच्या दोन तरुण मुली. दोघी वयाने जाणत्या. एकमेकींशिवाय राहवत नव्हते. घरच्यांचा विरोध होता, म्हणून त्या घर सोडून चेन्नई शहरात गेल्या. आईबापांनी पोलिसांत पोरी हरवल्याची तक्रार दिली. पोलिसांचा जाच नको म्हणून मुली मद्रास हायकोर्टात गेल्या. तिथले न्यायाधीश होते आनंद व्यंकटेश. त्यांनी आधी मुलींना आणि आईबापांना समजावणीसाठी मानसशास्त्राच्या जाणकार बाईंकडे पाठवले. मग ते म्हणाले, या विषयातले मला स्वतःलाच पुरते कळत नाही. आणि एवढा मोठा न्यायाधीश त्या जाणकार बाईंपुढे विद्यार्थी होऊन बसला! ७ जून २०२१ रोजी त्यांनी हुकूम दिला. या मुलींना पोलिसांनी त्रास देऊ नये, अशा माणसांना 'बरे करण्याचे' प्रकार बंद करावेत, शाळांनी पालकांच्या सभेत हा विषय समजावून सांगावा, असे त्यात आहे. हायकोर्टाच्या न्यायाधीशाला 'मला समजत नाही' म्हणायला लाज वाटली नाही. आम्ही सातवीच्या वर्गाचे मास्तर, पण आम्हाला सगळे समजत होते.

कोणी म्हणेल, गुरुजी, ह्या मोठ्या शहरांच्या गोष्टी. तसे नाही. आपल्याच जिल्ह्याच्या गावी, यवतमाळला, २०१७ च्या डिसेंबरात एका मुलाने आपल्या साथीदाराशी विवाहाचा समारंभ केला. मुलगा मुंबईच्या आय. आय. टी. त शिकलेला, अमेरिकेत नोकरीला. साथीदारही पुरुषच, व्हिएतनाम देशाचा. २०२१ च्या डिसेंबरात नागपूरला दोन महिला डॉक्टरांनी घरच्या माणसांसमोर एकमेकींना अंगठी घातली आणि जन्मभर सोबत राहायचे ठरवले. त्यांतल्या एकीच्या वडिलांना हे २०१३ पासून ठाऊक होते. आईला कळले तेव्हा धक्का बसला. मग आईही राजी झाली. लेक सुखी असावी एवढेच आईला हवे होते. ही शिकली-सवरलेली माणसे आहेत, हे खरे. शिकली म्हणूनच आपल्या पायावर उभी राहिली. पण आमच्या त्या सातवीतल्या मुलीचा दाखला आम्हीच हातात ठेवला होता.

बरे, त्या बाई वही घेऊन बसल्या आहेत. त्यांच्याकडे जाऊ.

आम्ही त्यांना वहीवरच्या शब्दाचा अर्थ सांगितला. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पोरीची काही चूक हाये काय?"

आम्ही म्हटले, "नाही. आणि ती मैत्रीण आहे की आणखी काही, हे तिला खोदून विचारू नका. ती सांगेल तेव्हा ऐका." पोरी-पोरी हातात हात घालून फिरतात, एका अंथरुणावर निजतात. त्या सगळ्या काही समलिंगी नसतात. आपल्याला कोणाच्या मनाची झडती घ्यायची नाही.

बाईंनी विचारले नाही. चार दिवसांनी मुलीनेच भाकरी थापता थापता सांगितले, "माय, मले पोरांबद्दल तसं काही वाटत नाही. मले ती आवडते." बाईंनी आम्हाला नंतर सांगितले, की त्यांच्या छातीत धस्स झाले. काय बोलावे सुचेना. तव्यावरची भाकरी जळून गेली. मग त्या एवढेच बोलल्या, "दुसरी टाक. जेवून घे."

बापाला कसे सांगितले ते आम्ही इथे लिहीत नाही. घरात दोन महिने अबोला होता. पण मुलीचा दाखला काढायचा नाही, यावर बाई अडून बसल्या. मजुरीला त्याही जातात. घरात त्यांच्याही शब्दाला वजन आहे.

शाळेचे काय करायचे, हा प्रश्न होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही चला गुरुजी, तुम्ही बोला." आम्ही म्हटले, "आम्ही सोबत येतो. पण अर्ज तुम्ही लिहा." त्यांना जोडाक्षरे येत नव्हती. म्हणून आम्ही तीन रात्री जोडाक्षरेच घेतली. प्रश्न, वर्ग, विद्यार्थी, त्रास. 'त्रास' शब्द त्यांना लवकर आला. अर्जाचा मजकूर त्यांचाच आहे. त्यांना विचारून इथे देतो.

"माननीय मुख्याध्यापक यांस. माझी मुलगी तुमच्या शाळेत नववीत आहे. पोरे तिच्या वहीवर घाण लिहितात. तिला नावे ठेवतात. तिला शाळेत येऊ वाटत नाही. तिने काही वाईट केले नाही. त्रास बंद करावा. माझ्या मुलीला शिकायचे आहे."

खाली सही. आजवर त्यांनी कागदावर अंगठाच दिला होता. साहेब कागदावर शाईचे पॅड पुढे करतील, म्हणून घरून निघताना त्या पेन पदराला बांधूनच निघाल्या.

मुख्याध्यापक वयाने तरुण. त्यांनी अर्ज वाचला आणि आधी म्हणाले, "पोरं आहेत, चिडवायचीच." आम्ही काही बोललो नाही. बाई म्हणाल्या, "साहेब, मले वाचता येत नव्हतं तोवर चाललं. आता मले वाचता येते." मग मुख्याध्यापकांनी अर्जाची एक नक्कल बाईंना दिली. त्यावर शिक्का आणि तारीख टाकून दिली. हे लक्षात ठेवा. शाळेत अर्ज दिला तर शिक्क्याची नक्कल मागावी. मुलांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत मारायचे नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, असे त्याच्या १७ व्या कलमात लिहिले आहे. पट्टी मारणे बंद झाले ते या कायद्याने. कॉलेजातल्या रॅगिंगच्या नियमांत तर २०१६ साली स्पष्टच घातले, की कोणाचे मन कोणावर जडते यावरून छळले तर तेही रॅगिंगच. शाळेने ऐकले नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. पोर फार गप्प झाले, जेवेना, मरणाच्या गोष्टी करू लागले, तर १४४१६ या नंबरावर फोन करावा. तिथे मनाच्या दुखण्याची माणसे बोलतात, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

पालकांच्या सभेत हा विषय निघाला. मुख्याध्यापकांनी मुलीचे नाव घेतले नाही, हे चांगले केले. दोन बाप उठून गेले. एक जण म्हणाला, असल्या गोष्टी शाळेत बोलूच नयेत. आम्ही मागे बसलो होतो. उठलो आणि आमच्या सातवीच्या वर्गाची गोष्ट सांगितली, पट्टीसकट आणि त्या कागदासकट. आमचे जुने विद्यार्थी त्या सभेत बाप म्हणून बसले होते. एकाने मान खाली घातली. चिठ्ठी आणून देणारा पोरगा तोच की काय, असे वाटले, पण आम्ही विचारले नाही. पट्टी त्याच्या हातात नव्हती.

चिडवणे एका दिवसात थांबले नाही. वर्गशिक्षिका बाईंनी बाके बदलली. वहीवर लिहिणाऱ्या दोघा पोरांना तोच शब्द खोडायला लावला, पण मारले नाही. दुसऱ्या मुलीला तिच्या घरच्यांनी मामाकडे पाठवून दिले. तिच्यासाठी काही करता आले नाही.

ही मुलगी दहावीला बसली आहे. गणित कच्चे आहे. रविवारी सकाळी आमच्याकडे येते. आई दाराशी बसून पेपर वाचते आणि जोडाक्षर अडले की मुलीला विचारते.